उजव्या डोळ्याचं गाणं

१ फेब्रुवारी

नव्या वर्षाचा लोसार तोंडावर आला आणि मला अजून एक धड टोमणा सुचलेला नाही.

ग्येम्बोकाका आज अंगणात येऊन बजावून गेले. आमच्या लुंगखा गावच्या तिरंदाजांचे म्होरके ते. म्हणाले, "ल्हादेन, पोरांनी बांबूची धनुष्यं घासून तयार ठेवलीत. तुझी जीभ घासलीस का?"

मी म्हटलं, "काका, ती वर्षभर वापरात असते. गंज कुठला चढतोय?"

हसले, पण जाताना म्हणालेच, "गेल्या वर्षी झोमसाच्या बायकांनी आपल्याला पाणी पाजलं. यंदा तसं नको."

झोमसाच्या बायकांनी म्हणजे सेल्दोनवहिनीने. बाकीच्या नुसत्या मागून ओढतात. नव्या वर्षाच्या सामन्यात पुरुष लांबवरच्या लाकडी फळीवर बाण मारतात आणि बायका ओळीने उभ्या राहून समोरच्या गावच्या तिरंदाजाला गाण्यातून असं काही चिडवतात की त्याचा हात हलावा. धनुष्याला आम्ही शिवायचं नाही. जिभेवर मात्र कुणी बंदी घातलेली नाही. आणि सेल्दोनची जीभ म्हणजे मधात बुडवलेली मिरची.

ती माझ्या सख्ख्या भावाची, निदुपदादाची बायको. लग्न झालं आणि दादा रीतीप्रमाणे तिच्या घरी, नदीपलीकडे झोमसाला गेला. घर, शेत आणि आई माझ्याकडे राहिली. माझा नवरा वांगदा इथे आला. तेव्हापासून लोसारला दादा त्यांच्याकडून खेळतो आणि वांगदा आमच्याकडून. टोमणे जुळवायला मला दादानेच शिकवलं. गुरं राखताना तो एक ओळ टाकायचा, मी दुसरी जोडायची. हल्ली त्याची पहिली ओळ कुणाला मिळते ते वेगळं सांगायला नको.

त्यांच्या जाड्या तिरंदाजासाठी एवढं जमलं:

पोट पुढं, बाण मागं,
फळी म्हणते, कोण हा गं?

बरं आहे. पण याने सेल्दोन गप्प बसणार नाही.

४ फेब्रुवारी

दादा आला होता. दर लोसारला आदल्या दिवशी येतो, आईसाठी ऊस आणि केळ्यांचा घड घेऊन. आई वरच्या देवघरात होती. मी त्याच्यासाठी आरा, आमची घरची दारू, गरम केली आणि भांडं त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ओतली ती वाटीच्या शेजारी, चटईवर.

मी म्हटलं, "काय रे, वाटेत कुणाकडे आधीच झाली वाटतं?"

तो हसला नाही. वाटी उचलून डावीकडे ठेवली आणि मान वळवून पुन्हा ओतली.

"दादा?"

"हळू. आई ऐकेल."

मग त्याने सांगितलं. उजव्या डोळ्यापुढे धूर धरल्यासारखं होतं. भातकापणीपासून. त्या बाजूने कुणी आलं तर अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

"आणि तू बाण मारतोस?"

"डाव्याने बघतो. मान थोडी वळवली की जमतं. सवय होते गं."

"आजच्या आज दवाखान्यात जा."

"लोसार झाला की जातो. हा एक खेळू दे मला. सेल्दोनला कळलं तर आत्ता गाडीत घालून नेईल."

"तिला सांगितलं नाहीस?"

"फक्त तुला."

देवासमोरच्या दिव्याची शपथ घातली त्याने मला. मी घेतली. त्याला चढण उतरून पुलापर्यंत सोडायला गेले आणि त्याच्या उजव्या बाजूने चालले.

फक्त तुला, म्हणाला. त्याच्या लग्नानंतर त्याने मला एकटीला काही सांगितल्याचं आठवत नाही. खरं लिहायचं तर आज मला आनंद झालाय. भावाचा डोळा जातोय आणि बहीण आतून फुलतेय, असं कुठं असतं का? पण आहे.

५ फेब्रुवारी

लोसार. सकाळी थुक्पाची गरम पेज, नवी किरा नेसणं, आईच्या पाया पडणं, सगळं झालं. मग मैदान.

दिवसअखेर आम्ही मागे. दादाने दोनदा फळी वेधली. पलीकडच्या टोकाला त्यांचे गडी फेर धरून नाचले, त्याच्या कमरेला रंगीत शेले खोचले. मी त्याची मान बघत होते. मलाच कळत होतं ती का वळलीये. मजा वाटत होती त्याची, दोघांच्या चोरीसारखी.

वांगदाचा एक बाण फळीवरून गव्हाच्या शेतात गेला. सेल्दोन वाटच बघत होती:

वांगदाचा बाण मोठा गुणी,
फळी सोडून करतो पेरणी!

सगळं मैदान हसलं. वांगदासुद्धा हसला, बावळट. ते ठीक आहे. पण दादा मांडीवर थाप मारून हसला आणि सेल्दोनकडे बघून त्याने भुवई उडवली. ती भुवई मला ओळखू येते. पहिली ओळ त्याची होती.

उद्या बघते.

६ फेब्रुवारी

जिंकलो. घसा बसलाय. आज लिहीत नाही.

७ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही कारण घसा बसला होता, असं लिहिलंय वर. हाताला काय झालं होतं?

काय झालं ते लिहिते. दुपार कलली होती. दोन्ही गावं बरोबरीत. शेवटचा बाण त्यांचा, आणि तो दादाच्या हातात. लागला तर ते जिंकणार, चुकला तर आमचा आधीचा जवळचा बाण धरून आम्ही. आमच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ग्येम्बोकाका ओरडले, "ल्हादेन, आता नाही तर कधी!" पोटावरचं आणि दाढीवरचं सगळं संपलं होतं. समोरून सेल्दोन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लुंगखाची मैना मुकी झाली गं बाई! कुणीतरी दाणे टाका!"

दादा हसला. धनुष्य ताणता ताणता हसला.

आणि मी म्हटलं:

उजवा डोळा झोपी गेला, डावा बसला राखणीला,
बायकोचं बोट धरून ये रे दादा तिरंदाजीला!

कुठून आलं, माहीत नाही. खोटं. माहीत आहे. चालीसकट आलं, म्हणजे आत कुठेतरी आधीपासून तयार होतं.

असलं हसू या मैदानावर कधी ऐकलं नव्हतं. आमच्या बायकांनी लगेच उचललं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. झोमसाचेही हसले, कारण लोसारला सगळंच हसण्यावारी न्यायचं असतं. दादाही हसत होता, पण धनुष्य खाली आलं होतं. तेवढ्यात ग्येम्बोकाका गमतीनेच त्याच्या उजव्या अंगाला गेले आणि हात वर करून म्हणाले, "खरंच झोपला की काय रे डोळा? सांग, किती बोटं?"

दादाने अख्खी मान वळवली, मग म्हणाला, "तीन."

बोटं तीनच होती. पण मान वळवलेली सगळ्यांनी पाहिली. हसू एकदम थांबलं नाही, कडेकडेने विझत गेलं. सेल्दोन त्याच्याजवळ गेली. तिने विचारलेलं मला ऐकू आलं नाही. मग तो पुन्हा उभा राहिला आणि त्याने बाण सोडला. फळीपासून इतका लांब गेला की दगडी कठड्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्या उठून पळाल्या. कुणाला लागलं नाही.

आमचे पुरुष "कारे! कारे!" अशी जिंकल्याची आरोळी ठोकत नाचले. मीही नाचले. हे लिहायलाच हवं. फेरात होते मी. फेर वळला तेव्हा सेल्दोन दिसली, दादाच्या कमरेचे शेले एकेक सोडून घडी करत होती.

८ फेब्रुवारी

सकाळपासून विचार करतेय. त्या म्हाताऱ्यांना बाण लागला असता तर? एका डोळ्याने बघणारा माणूस, फळीच्या आजूबाजूला एवढी माणसं नाचत असतात. कुणीतरी थांबवायलाच हवं होतं त्याला. मी थांबवलं.

हे लिहून झाल्यावर वाचलं. ४ तारखेला कळलं, ५ तारखेला दिवसभर तो खेळला आणि मला त्याच्या मानेची मजा वाटत होती. तेव्हा कुठे होत्या त्या म्हाताऱ्या?

९ फेब्रुवारी

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आज चुलीपाशी मिरच्या चिरत होते, तेव्हा मागून म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"दादाने शपथ घातली होती."

"मग सगळ्या खोऱ्याला कसं सांगितलंस?"

मी मिरच्या चिरत राहिले. मिरच्यांनी डोळ्यांत पाणी येतं ही किती सोयीची गोष्ट आहे.

वांगदा काही बोलत नाही. काल मी त्यालाच विचारलं, "तूही रागावलास?" तर म्हणाला, "रागावलो नाही. पण मला घोरण्याची सवय आहे, पावसाळ्यात पाठ धरते, आणि कुत्र्यांना मी भितो. हे सगळं तुला माहीत आहे. हेच डोक्यात येत होतं." आणि कुंपण बांधायला गेला.

११ फेब्रुवारी

झोमसाला गेले. अंडी, लोणी आणि आराची बाटली घेऊन.

त्यांच्या दाराबाहेर पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. उड्यांच्या ठेक्यावर गाणं चालू होतं. माझंच. "उजवा डोळा" म्हटलं की एक पाय, "डावा बसला" म्हटलं की दुसरा. कुणीतरी सामन्यात फोनवर टिपलं होतं, ते सगळीकडे फिरलंय, हे मला ठाऊक होतं. पण दोरी फिरवत होती देकी, दादाची मुलगी. सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणत होती. मला बघून धावत आली आणि म्हणाली, "आत्या, हे तू केलंस ना? मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या आत्याचं आहे!"

तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

आत दादा चुलीशेजारी बसला होता. "ये. घसा सुटला का?" म्हणाला. मी त्याच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "दादा, चुकले." त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, ती थोडी कानावर बसली. म्हणाला, "यमक चांगलं होतं. 'राखणीला', 'तिरंदाजीला'. मलाही सुचलं नसतं." आणि मग, "चूक माझी. तुझ्यासारखीला गुपित सांगायचं म्हणजे मांजरीला दुधावर बसवायचं."

तो हे हसत म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी उभी तरी राहू शकले असते.

वहिनीने चहा दिला. पाहुण्याला देतात तसा, दोन्ही हातांनी, चांगल्या वाटीतून. पुलापर्यंत सोडायला आली. वाटेत मी म्हटलं, "वहिनी, दादाला असं भर मैदानात..."

"त्याचं तो बघेल," ती म्हणाली. "तो हसून नेतो सगळं. मला विचारतात, ल्हादेन. पाणवठ्यावर, दुकानात. शेजारी झोपतेस आणि तुला कळलं नाही? नवऱ्याचा डोळा गेला आणि नणंदेच्या गाण्यातून समजलं?" चालता चालताच म्हणाली, "मी त्याला रोज उजव्या बाजूने वाढते. मध्ये दोनदा त्याचा हात ताटाबाहेर गेला. मी त्यालाच ओरडले, लक्ष कुठं आहे म्हणून."



म्हणजे गेले चार-पाच दिवस मी चुकीच्या माणसाची माफी मागायला निघाले होते. की मला तेव्हाही ठाऊक होतं की ते गाणं दादावर नव्हतंच? पहिली ओळ त्याच्यावर आहे. दुसरीत 'बायको' कशाला आणली मी? "आईचं बोट धरून" असंही चाललं असतं. ठेका तोच.

१३ फेब्रुवारी

वांगदा आज पहाटेच गाडी घेऊन गेला. दादा आणि वहिनीला थिंफूच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला. मला विचारलं नाही. मी शिदोरी बांधून दिली, लाल भात आणि सुकं मटण. ती घेतली.

१४ फेब्रुवारी

काल गाडीकडे येताना, पूल ओलांडताना वहिनीने दादाचा हात धरला होता म्हणे. पुलावरून येणाऱ्या कुणीतरी तेच गाणं गुणगुणलं. वांगदाने गाडी तशीच चालू ठेवून उतरून त्या माणसाची कॉलर धरली. माझ्या वांगदाने. जो कुत्र्यांना भितो. हे मला त्याने फोनवर सांगितलं नाही, ग्येम्बोकाकांच्या सुनेने सांगितलं, हसत हसत. तीच पुढे म्हणाली, "पण गाणं झकास आहे हं. माझ्या माहेरीसुद्धा पोचलं."

वाईट गाणं केलं असतं तर एव्हाना विरून गेलं असतं.

१७ फेब्रुवारी

ते परत आले. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नजर गेली ती येणार नाही. डाव्यातही सुरू झालं होतं, पण तो थेंबांनी टिकेल, रोज न चुकता घातले तर. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा हंगाम तसाच काढला असता तर दोन्ही गेले असते.

आई खाली बसली आणि रडली. मग उठून तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तू बोललीस म्हणून," म्हणाली. "तू बोलली नसतीस तर तो गेलाच नसता. तुझ्या तोंडून देव बोलला गं."



१८ फेब्रुवारी

आईने गावभर सांगितलंय. सकाळपासून तिघी येऊन गेल्या. एक म्हणाली, "आम्हाला वाटलं होतं नुसती थट्टा, पण तुझ्या पोटात माया होती." ग्येम्बोकाका म्हणाले, "उगाच नाही मी तुला म्होरकी केली."

कुणालाही मी नाही म्हटलं नाही.

दुपारी आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं, "मी दादाला वाचवायला बोलले." पहिल्यांदा तोंड वाकडं झालं. तिसऱ्या-चौथ्यांदा बऱ्यापैकी जमलं. नंतर भूक लागली. लोसारनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवले, मिरची-चीजची भाजी दोनदा घेतली. वांगदा माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "काय?" म्हणाला, "काही नाही. जेव."

त्याच्या त्या 'जेव'नंतर घास फिरायला लागला.

२१ फेब्रुवारी

आज राजाचा वाढदिवस. शाळेच्या मैदानावर दोन्ही गावं जमली होती. मुलांचे नाच, रस्सीखेच, मग जेवण. जेवणाआधी गावप्रमुख बोलायला उभे राहिले. राजा, देश, पाऊसपाणी असं सगळं झाल्यावर म्हणाले, "यंदा आपल्या खोऱ्यात एका बहिणीने शब्दाने भावाचा डोळा वाचवला." आणि माझं नाव घेतलं. पांढरा शेला हातात घेऊन उभे.

आईने मला ढकललं. मी गेले. गळ्यात शेला पडला. टाळ्या. समोर दोन्ही गावांच्या बायका, पहिल्या ओळीत वहिनी, शेजारी दादा, मांडीवर देकी. दादाचं डोकं थोडं वळलेलं, डावा डोळा माझ्यावर.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी त्याला वाचवायला बोलले नाही. जिंकायला बोलले. त्याने मला शपथ घातली होती, ती मी मोडली. सेल्दोनवहिनीला खाली पाहायला लावायचं होतं मला."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग ग्येम्बोकाका मांडी थोपटून ओरडले, "ऐका! ऐका हिचं! शेला घेतानासुद्धा टोमणा!" आणि सगळं मैदान हसलं. तसंच, लोसारसारखं. मी म्हटलं, "नाही, खरंच सांगतेय," तर आणखी हसले. कुणीतरी मागून उजव्या डोळ्याचं गाणं सुरू केलं. गावप्रमुखही डोळे पुसत हसत होते. माझं तोंड उघडलं की लोक हसतात, ही सवय मीच त्यांना लावलीये.

दादा सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याला काय कळलं कोण जाणे.

वहिनी हसली नाही. तिने गाणाऱ्या देकीचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला आणि तिच्या तोंडात केळं दिलं.

२४ फेब्रुवारी

शेला देवघरात ठेवायला आई सांगते. मी पेटीत टाकलाय, थंडीच्या कपड्यांखाली. आईने विचारलं तेव्हा म्हटलं, मळेल म्हणून. पुन्हा खोटं. लहान आहे, पण खोटंच.

शनिवारच्या बाजारात भात विकायला बसले तर लांबच्या गावची एक बाई खास बघायला आली. म्हणाली, "तूच ना ती? म्हण ना एकदा." मी म्हटलं, विसरले. तिने मग मलाच म्हणून दाखवलं.

२८ फेब्रुवारी

आज वहिनी आली. एकटी. मी शेतात खत पसरत होते. बांधावर उभी राहिली, घरात चल म्हटलं तर नको म्हणाली. वाटलं, आता बोलेल. त्या दिवशीचं, मैदानातलं, सगळं. मी खोरं टाकून उभी राहिले. बोलू दे म्हटलं मनात, हवं ते बोलू दे.

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. वांगदा लांब होता, बैल सोडत. मग आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं. हा आजार घराण्यात असतो. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायला हवं. सुरुवातीला काही कळत नाही म्हणे. दुखत नाही, खुपत नाही. आईंचे डोळे मागच्या शिबिरात बघितले होते, त्यांचं ठीक आहे. तुझे नाही बघितलेले."

मी म्हटलं, "मला व्यवस्थित दिसतं."

"त्यालाही वाटायचं."

मग ती म्हणाली, "कुणाला सांगितलं नाहीये मी. निदुप तेव्हा आत थेंब घालून बसला होता, त्याने ऐकलं नाही. त्यालाही बोलले नाही. आईंना नाही, वांगदाला नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव."

"वहिनी..."

"मंगळवारी मी त्याचे थेंब आणायला थिंफूला जाणार आहे. पुलाजवळून सकाळची बस. यायचं तर ये."

"चहा तरी घे," मी म्हटलं.

"नको. गाई सोडायच्यात." आणि गेली. मी खोरं उचललं, पुन्हा खाली टाकलं. भीती डोळ्याची वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, संध्याकाळी. त्या वेळी नुसता चेहरा भाजत होता, आणि वांगदाने लांबूनच विचारलं, "कोण, वहिनी? काय म्हणाली?" तेव्हा मला सांगता येईना.

५ मार्च

वांगदाला काल सांगितलं. सगळं. तो म्हणाला, "मी येऊ?" मी म्हटलं, "नको, आधी कळू दे." आईला अजून नाही.

बस पुलापाशी आली तेव्हा वहिनी आधीच उभी होती. आम्ही शेजारी बसलो. ती खिडकीकडे, मी वाटेकडे. तिने पिशवीतून विड्याचं पान काढलं, स्वतः घेतलं, मग डबा माझ्या मांडीवर ठेवला. मी घेतलं.

वळणावर बस थांबली आणि ग्येम्बोकाका चढले. सगळी बस भरलेली, अर्धी आमच्या गावची, अर्धी त्यांच्या. आम्हा दोघींना एका बाकावर बघून ते दांड्याला धरून तिथेच उभे राहिले. "अरे वा! मैना आणि मिरची एका पिंजऱ्यात! कुठे निघाली म्हणायची ही जोडी?"

सगळे वळून बघायला लागले. माझ्या तोंडातला विडा तसाच राहिला.

"किरा घ्यायला," सेल्दोन म्हणाली. "बाजारात स्वस्त लागल्यात."